बटनाचा मान

घरात स्मार्ट बल्ब आला की त्याचं पहिलं वाकडं येतं ते भिंतीवरच्या बटनाशी. पुण्याला नोकरी करणारा मुलगा दसऱ्याला घरी येताना चार बल्ब घेऊन येतो. होल्डरमध्ये लावतो, मोबाईलवर ॲप घेतो आणि संध्याकाळी पलंगावर पडल्या पडल्या ओसरीचा दिवा लावून-मालवून दाखवतो. घरात कौतुक होतं. सुट्टी संपते, मुलगा परत जातो. रात्री झोपायच्या आधी आई नेहमीसारखी सगळ्या खोल्यांतून फिरते आणि एकेक बटन बंद करते. तिकडे मुलाच्या मोबाईलवर चारही बल्ब करडे पडतात, खाली 'ऑफलाइन' असं येतं. दुसऱ्या दिवशी फोन: "आई, बटनं बंद करू नको म्हटलं होतं ना?" आईचं उत्तर वऱ्हाडी, रोखठोक: "मंग काय रातभर चालूच ठेवू?"

हा संवाद वऱ्हाडातल्या चांदूर रेल्वेत आणि आसपासच्या गावांत थोड्याफार फरकानं ऐकायला मिळतो. कुठे आईच्या जागी आजी असते, कुठे पुण्याच्या जागी हैदराबाद. मग बटनावर सेलोटेप चिकटते, शेजारी कागदाचा तुकडा लागतो: 'हे बंद करू नये'. महिनाभरात टेप सुटते, बल्ब साध्या बल्बासारखा वापरला जातो आणि सातआठशे रुपयांचा रंगीत दिवा पांढरा होऊन बसतो. दोष आईवर ढकलला जातो. "आमच्या घरच्यांना टेक्नॉलॉजी जमत नाही." मला हे वाक्य पटत नाही. घरच्यांना जमत नाही असं काही नाही, वस्तूच चुकीच्या ठिकाणी बसवली आहे.

साध्या दिव्याचं गणित सोपं आहे. न्यूट्रल थेट होल्डरला जातो आणि फेज बटनातून जातो. बटन दाबलं की फेज जोडला गेला, दिवा लागला. बटन वर केलं की फेज तुटला, दिवा विझला. स्मार्ट बल्बाच्या बुडाशी मात्र एक छोटा रेडिओ असतो. वायफाय, झिग्बी किंवा ब्लूटूथवर तो सतत कान लावून बसलेला असतो आणि त्यासाठी त्याला चोवीस तास वीज लागते. आईनं बटन वर केलं की दिव्याबरोबर तो कानही बंद होतो. नंतर मोबाईलवरून कितीही हाका मारा, ऐकणारं कोणी नाही. म्हणजे हा बल्ब घरात आणताना आपण न बोलता एक अट मान्य करतो: भिंतीवरचं बटन कायम चालू राहील, कोणी त्याला हात लावणार नाही. शंभर वर्षांहून जुनी सवय मोडायची ही अट आहे.

ती सवय हलकी नाही. १८८४ साली इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या जॉन हेन्री होम्स यांनी स्प्रिंगच्या जोरावर झटक्यात उघडणारा स्विच तयार केला. त्याआधीच्या स्विचमध्ये संपर्क सावकाश तुटायचा आणि मधल्या फटीत ठिणगी जळत राहायची. आपल्या बटनाचा 'खट' आवाज त्या झटक्याचाच. त्या आवाजानं अंधारातही कळतं की काम झालं. बटनाची दांडीही काही सांगत असते. आपल्याकडे दांडी खाली म्हणजे चालू, वर म्हणजे बंद. अमेरिकेत हे उलटं आहे. रात्री लाईन गेली की आपण हातानं चाचपून बटनं पाहतो, खाली असतील ती वर करतो आणि मग झोपतो, नाही तर पहाटे लाईन आली की सगळं घर उजळून निघतं. वऱ्हाडातल्या दोन पिढ्यांनी भारनियमनाच्या वर्षांत हे अंगी बाणवून घेतलं आहे. बारा-बारा तास लाईन नसण्याचे दिवस ज्यांनी पाहिले, त्यांचा हात खोलीतून बाहेर पडताना आपसूक बोर्डाकडे जातो.

चांदूर रेल्वेला हे नाव रुळांनी दिलं. त्याच जिल्ह्यात दुसरं चांदूर बाजार असल्यामुळे या चांदूरला रेल्वे जोडली गेली. मुंबईकडून आलेला लोहमार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोचला. त्या मार्गावर बडनेरा आणि धामणगाव यांच्यामधलं हे स्टेशन. गावात कवेलूची घरं अजून आहेत, त्यांच्यात लाकडी पट्टीवर ठोकलेली फिटिंग आणि काळ्या गोल बटनांचे बोर्डही सापडतात. त्यांच्या बाजूला स्लॅबची नवी घरं, भिंतीत पाईप घालून केलेली कन्सील फिटिंग, पांढरे मोड्युलर बोर्ड. दोन्ही प्रकारच्या घरांत काम करणारा वायरमन एकच. असाच एक अनुभवी वायरमन बोर्ड उघडत असताना मी शेजारी उभा होतो. त्याचं नाव इथे देत नाही, पण त्यानं जे दाखवलं ते प्रत्येक घराच्या उपयोगाचं आहे.

आधी त्यानं मेन बंद केला. मग बोर्डाची प्लेट काढली, टेस्टर लावून खात्री केली आणि आतल्या वायरी बोटानं पुढे ओढल्या. लाल फेज, काळा न्यूट्रल, हिरवी अर्थिंग. "हा पहा न्यूट्रल," तो म्हणाला. "आपल्या बोर्डात पिन असते, तिच्यासाठी न्यूट्रल येतोच. म्हणून आपलं काम सोपं हाय." पिन म्हणजे पाच भोकांचं सॉकेट. आपल्याकडे बहुतेक बोर्डांवर दिव्या-पंख्याच्या बटनांबरोबर एक सॉकेट असतं, त्यामुळे बोर्डात न्यूट्रल हजर असतो. अमेरिकेतल्या अनेक जुन्या घरांत स्विचच्या पेटीत न्यूट्रल आणलेलाच नसतो. तिथल्या वायरिंगच्या संहितेनं तो २०११ पासून सक्तीचा केला. त्यामुळे तिकडे जुन्या घरात स्मार्ट स्विच बसवणं ही मोठी डोकेदुखी. ज्या घराला आपण मागासलेलं म्हणतो, त्या चांदुरातल्या पट्टी फिटिंगच्या घरात हे काम उलट सुकर होतं. अडतं ते संडास-न्हाणीच्या एकट्या बटनाला आणि जिन्यावर. तिथे सॉकेट नसतं, त्यामुळे न्यूट्रल शोधावा लागतो.

मग त्यानं काड्यापेटीएवढं एक मॉड्यूल काढलं. आत एक रिले असतो, म्हणजे विजेनं उघडझाप होणारा खटका, आणि एक वायफायची चिप. मॉड्यूलला फेज आणि न्यूट्रल कायमचे जोडले. दिव्याकडे जाणारी वायर मॉड्यूलच्या बाहेर जाणाऱ्या टोकाला आली. आधी ज्या बटनातून दिव्याची वीज जात होती, त्या बटनाच्या दोन बारीक वायरी मॉड्यूलच्या एस-१ आणि एस-२ या टोकांना लागल्या. आता बटन वीज तोडत नाही, ते मॉड्यूलला फक्त सांगतं की दांडी हलली. दिवा लावायचा की मालवायचा ते मॉड्यूल करतं. मोबाईलवरून सांगितलं तरी तेच करतं. इथे वायरमन थांबला आणि पाकिटावरचा नकाशा त्यानं दुसऱ्यांदा पाहिला. काही कंपन्यांच्या मॉड्यूलमध्ये बटनाच्या टोकाला फेज द्यावा लागतो, काहींच्या टोकाला फेज लागला की मॉड्यूल जळतं. दिसायला दोन्ही सारखीच. "इथं लय जणाईचं चुकते," तो म्हणाला, "अन् मंग म्हन्तात माल खराब."

प्लेट बसली, मेन चालू झाला. घरातली आजी हे सगळं दारातून पाहत होती. तिनं पुढे येऊन बटन दाबलं, दिवा लागला. परत दाबलं, विझला. आतून रिलेचा बारीक 'टक' आवाज आला. तिला एवढंच हवं होतं. "मले मोबाईलले सांगाचं काम नाही. खटका दाबला का लाईट लागला पायजे, बस." बल्ब साधाच होता, नऊ वॉटचा एलईडी. नातवाच्या मोबाईलवर तोच दिवा दिसत होता आणि त्यालाही तो लावता-मालवता येत होता.

माझं म्हणणं एवढंच आहे: अक्कल बल्बात घालण्यापेक्षा बटनाच्या मागे घाला. बल्बात घातलेली अक्कल बटनाशी भांडते, बटनामागची त्याच्या हाताखाली काम करते. पाहुणा आला, लहान मूल आलं, शेजारीण साखर मागायला आली, तर त्यांना ॲप लागत नाही. इंटरनेट गेलं तरी बटन चालतं, कारण बटन आणि मॉड्यूल यांच्यामध्ये फक्त दोन इंच वायर आहे.

रेल्वेच्या गावात राहणाऱ्यांना हा न्याय नवीन नाही. जुना हाताचा सिग्नल तारेनं खाली ओढला जायचा. तार तुटली तर वजनाच्या भारानं हात आडवा व्हायचा, आणि आडवा हात म्हणजे गाडी थांबवा. बिघाड झाला तर सिग्नल कोणत्या बाजूला पडेल हे आधी ठरवलेलं असायचं. स्मार्ट दिव्यालाही हाच प्रश्न आधी विचारायला हवा: बिघडलास तर कोणत्या बाजूला पडशील? इंटरनेट गेलं, कंपनी बुडाली, मोबाईल हरवला, तर घर साधं घर व्हायला हवं, अंधारं नव्हे. कंपन्या बुडतात. अमेरिकेतल्या इन्स्टिऑन या जुन्या कंपनीचे सर्व्हर एप्रिल २०२२ मध्ये पूर्वसूचनेशिवाय बंद झाले. नंतर तिच्या काही ग्राहकांनीच ती विकत घेऊन पुन्हा सुरू केली, पण मधल्या काळात सर्व्हरवर अवलंबून असलेले सगळे अडकले. त्याआधी २०१६ मध्ये रिव्हॉल्व्ह नावाचं उपकरण त्याच्या मालक कंपनीनं सरळ निकामी केलं. भिंतीवरच्या बटनाचं असं होत नाही.

आता लाईनीबद्दल. मोठ्या शहरातल्या माणसानं लिहिलेल्या माहितीपत्रकात हा भाग नसतो आणि आपल्याकडे सगळं गाडं इथेच अडतं. पावसाळ्यात तारेवर फांदी पडते, उन्हाळ्यात ट्रान्सफॉर्मरवर भार येतो, लाईन जाते-येते, जाते-येते. पुष्कळ स्मार्ट बल्बांना नव्यानं जोडणीच्या अवस्थेत नेण्याची युक्ती अशी: बटन पाठोपाठ तीन किंवा पाच वेळा चालू-बंद करायचं. लाईनीनं झटके दिले की बल्बाला वाटतं मालकानंच तसं केलं, आणि तो लुकलुकायला लागतो. रात्री दोन वाजता डोक्यावरचा दिवा असा उघडझाप करू लागला की घरातली माणसं घाबरतात. सकाळी तो बल्ब परत ॲपला जोडावा लागतो, आणि जोडणारा पुण्यात असतो.

दुसरं असं की लाईन परत आली की बरेच बल्ब आपोआप पूर्ण उजेडात लागतात. ही खोड काही चुकून राहिलेली नाही. बल्ब बंद असेल आणि कोणी बटन खाली-वर केलं तर दिवा लागावा, म्हणून ती मुद्दाम ठेवली आहे. पण त्यामुळे पहाटे लाईन आली की सगळं घर जागं होतं. फिलिप्स ह्यू ही स्मार्ट बल्बांची प्रसिद्ध मालिका २०१२ मध्ये बाजारात आली. लाईन आल्यावर बल्बानं काय करावं हे ठरवण्याची सोय तिच्यात २०१८ च्या अखेरीस आली. आता बहुतेक चांगल्या बल्बांत आणि मॉड्यूलमध्ये ही सेटिंग असते: चालू राहा, बंद राहा, किंवा लाईन जाण्याआधी होतास तसाच हो. आपल्या भागात तिसरा पर्याय निवडावा. खरेदी करताना दुकानदाराला आधी हेच विचारावं. त्याला माहीत नसेल तर वस्तू घेऊ नये.

हा धडा वऱ्हाडातल्या शेतकऱ्यानं दिव्याच्या कितीतरी आधी पंपावर शिकला आहे. रब्बीत हरभऱ्याला पाणी द्यायचं तर लाईन पाळीनं मिळते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीच्या पाळीला शेतात जायचं म्हणजे थंडी, साप-विंचू, आणि जंगलाच्या कडेला असाल तर बिबट्याची भीती. म्हणून मोबाईलवरून पंप सुरू-बंद करणारे स्टार्टर आले. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी तयार केलेलं 'नॅनो गणेश' हे त्यांतलं सुरुवातीचं आणि गाजलेलं नाव. नोकियाच्या २००९ मधल्या स्पर्धेत त्याला पारितोषिक मिळालं. दूर बसून खटका दाबणं हे महाराष्ट्रात श्रीमंतांच्या दिवाणखान्याआधी शेतातल्या खांबाखालच्या पेटीत आलं आणि तिथे ते खरोखर गरजेचं होतं.

त्याच पेटीत ऑटोस्विचही होता. लाईन आली की पंप आपोआप सुरू. शेतकऱ्याची सोय झाली, पण एका ट्रान्सफॉर्मरवरचे सगळे पंप एकाच क्षणी सुरू होऊ लागले. मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. सगळ्या मोटरींनी एकदम ओढला की फ्यूज उडतो, नाही तर ट्रान्सफॉर्मर जळतो आणि पीक ऐन पाण्यावर असताना शिवार अंधारात जातं. म्हणून महावितरण दर रब्बीला सांगत असतं: ऑटोस्विच काढा, कॅपॅसिटर बसवा. घरातल्या नऊ वॉटच्या दिव्यांनी ट्रान्सफॉर्मर जळत नाही, पण लाईन आल्यावर यंत्रानं काय करावं हा प्रश्न दोन्हीकडे तोच आहे.

राउटरची गोष्ट थोडक्यात. घरात इन्व्हर्टर असतो, पण त्याच्यावर दोन-चार दिवे आणि पंखेच घेतलेले असतात. राउटर दुसऱ्या लाईनीवर असतो, म्हणून लाईन गेली की दिवा जिवंत आणि वायफाय मेलेलं. राउटर इन्व्हर्टरच्या लाईनीवर घ्या, नाही तर त्याच्यासाठी मिळतो तो छोटा यूपीएस लावा. आणखी एक: ही बहुतेक उपकरणं २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवरच चालतात, ५ वर जोडली जात नाहीत. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

न्यूट्रल तुटण्याची गोष्ट मात्र थोडक्यात सांगण्यासारखी नाही. खांबावरचा न्यूट्रल सुटला की घरातला २३० चा दाब ४०० च्या जवळ जाऊ शकतो. साध्या भाषेत 'हाय व्होल्टेज आलं'. त्या रात्री टीव्ही, फ्रिज, चार्जर जातात. मॉड्यूलही जातं, कारण ते साधारण २४० व्होल्टपर्यंतच्या दाबासाठी बनवलेलं असतं आणि रात्रंदिवस लाईनीवर असतं. साधा बल्ब बटन बंद असल्यामुळे वाचतो, हे वाचत नाही. म्हणून घरभर वीस मॉड्यूल लावण्याआधी मेन बोर्डावर जास्त दाब आला की लाईन तोडणारं संरक्षण बसवा, अर्थिंग तपासून घ्या, विजेची गळती झाली की लाईन तोडणारा ईएलसीबी नसेल तर लावा. यात दिखाऊ काही नाही, म्हणून लोक यावर पैसा घालत नाहीत. मी घालायला सांगतो.

स्मार्ट बल्बच हवा, रंग बदलणारा, मंद होणारा, असंही असू शकतं. देवघरात किंवा लेकराच्या खोलीत त्याची मजा आहे. मग बटन कसं वाचवायचं? काही जण बोर्डातून फेज सरळ बल्बाला देतात आणि भिंतीवर बॅटरीचं किंवा दाबण्याच्या जोरावर स्वतःपुरती वीज तयार करणारं बिनतारी बटन लावतात. हे दुसऱ्या प्रकारचं बटन जर्मनीतल्या एनओशन कंपनीच्या तंत्रावर चालतं. २०१४ मध्ये आलेल्या ह्यू टॅप या बटनातही तेच होतं. सेल बदलायची कटकट नाही. पण यात एक धोका आहे, तो ठळक सांगितला पाहिजे. फेज सरळ दिला की होल्डर कायम जिवंत राहतो. दिवा विझलेला दिसतो, म्हणून कोणी स्टुलावर चढून बल्ब बदलायला जातो आणि झटका बसतो. अशा घरात बल्ब बदलायचा तर मेन बंद करूनच.

काचेच्या टच पॅनलबद्दल माझं मत चांगलं नाही. शोरूममध्ये ती सुंदर दिसतात. पण स्वयंपाकघरात कणकेचा हात लागतो, आंघोळीनंतरचा ओला हात लागतो, आणि लाईन गेली की चाचपून कळेल असं त्या गुळगुळीत काचेवर काहीच उरत नाही. म्हाताऱ्या माणसाच्या बोटाला खाच लागते. ज्या घरात वयस्क माणसं आहेत, तिथे आयएस ३८५४ हे मानक असलेलं साधं दांडीचं बटन ठेवा.

मॉड्यूल लावलं तरी दांडीचा एक प्रश्न उरतो. मुलानं पुण्यातून दिवा मालवला तर दांडी खालीच राहते आणि दिवा बंद असतो. मग आईनं एकदा दाबलं की दांडी वर जाते आणि दिवा लागतो. वर म्हणजे बंद, ही खूण पुसली जाते. जिन्यावरच्या टू-वे बटनांनी आपल्याला याची थोडी सवय लावली आहे, तिथे दांडीकडे कोणी पाहत नाही. तरी ज्यांना खूण हवी त्यांच्यासाठी मॉड्यूलमध्ये दुसरी पद्धत असते: दांडी खाली केली की चालू, वर केली की बंद. झोपायच्या खोलीत ही पद्धत ठेवावी असं मी सुचवेन. नाही तर स्प्रिंगचं घंटीसारखं बटन लावा, ते दाबून सोडलं की जागेवर येतं आणि खोटी खूण दाखवत नाही.

खर्चाचं बोलायचं तर वीज बल्ब जळण्यात आता फारशी जात नाही. जानेवारी २०१५ मध्ये उजाला योजना आली आणि ७० रुपयांत नऊ वॉटचा एलईडी घरोघर पोचला. ६० वॉटचा पिवळा बल्ब सतरा तासांपेक्षा कमी वेळात एक युनिट खायचा, नऊ वॉटचा १११ तास घेतो. उलट स्मार्ट बल्ब विझलेला असतानाही ऐकत असतो. युरोपच्या नियमानं या ऐकण्यासाठी अर्ध्या वॉटची मर्यादा घातली आहे. असे बारा बल्ब वर्षभर नुसते ऐकत राहिले तर सुमारे ५२ युनिट होतात. घर बुडणार नाही, पण बिल कमी होईल या आशेनं कोणी घेत असेल तर घेऊ नये.

घ्यावं कशासाठी? अंगणातल्या दिव्यासाठी. मागच्या परसातल्या संडासाच्या वाटेसाठी, जिथे म्हातारा माणूस रात्री पडतो. तिथे तर माणसाची हालचाल ओळखून लागणारा साधा सेन्सरचा बल्बही पुरतो, त्याला ना वायफाय लागतं ना मोबाईल. फाटकाच्या दिव्यासाठी, म्हणजे घर महिनाभर बंद असलं तरी संध्याकाळी उजेड दिसेल. आणि त्या लेकरांसाठी, ज्यांची आई चांदुरात एकटी राहते आणि ज्यांना रात्री दहा वाजता न विचारता समजून घ्यायचं असतं की ओसरीचा दिवा वेळेवर मालवला का. हे शेवटचं कारण मला सगळ्यांत मोठं वाटतं. ते साधायचं तर आईच्या हातातून बटन काढून घेऊन चालणार नाही. तिनं स्वतःच्या हातानं लावलेला आणि मालवलेला दिवा लेकराला दिसला, तरच त्या दिसण्याला अर्थ आहे.

दिवाळीत घरी येताना कोणी ही उपकरणं आणणार असेल, तर एक विनंती. काम परवानाधारक वायरमनकडून करून घ्या आणि तो असतानाच बोर्डाच्या प्लेटच्या आतल्या बाजूला मार्करनं लिहून घ्या: कोणत्या बटनामागे मॉड्यूल आहे, कोणत्या होल्डरला फेज सरळ आहे, काम कधी झालं. मीटरच्या पेटीतही तसाच एक कागद ठेवा. पुढच्या पावसाळ्यात दिवा बंद पडेल तेव्हा तुम्ही पुण्यात असाल, आणि बोर्ड उघडणारा दुसराच कोणी असेल.